पहिले पिस्तूल कोणते? ग्वाल्हेरच्या एका कुटुंबातील निवडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मेधाताई (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतात आणि एका खाजगी शाळेत गणित शिकवतात. त्यांचे वय छत्तीस. सासर आणि माहेर दोन्ही मराठी, दोन्ही घरे शिंद्यांच्या काळापासून इथेच स्थायिक झालेली. माहेरी वडिलांकडे परवान्याचे .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचे इंचातले माप), कानपूरच्या शस्त्रनिर्मिती कारखान्यात बनलेले रिव्हॉल्व्हर होते. वडिलांनी ते नोकरीच्या काळात घेतले, वर्षातून एकदोनदा तेलपाणी करून पुन्हा कपाटात ठेवले, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की आदेशाप्रमाणे ठाण्यात जमा केले. त्यापलीकडे त्याचा वापर झाल्याचे कुटुंबात कोणाला आठवत नाही.

ग्वाल्हेर, भिंड आणि मुरैना या पट्ट्यात परवान्याचे शस्त्र ही प्रतिष्ठेची वस्तू समजली जाते, हे बाहेरच्या वाचकाला सांगावे लागेल. लग्नाच्या वरातीत खांद्यावर बंदूक टाकून चालणारे पाहुणे इथे नवीन नाहीत. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेला बेदरकार गोळीबार हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाचा, अथवा दोन्हींचा गुन्हा ठरवला, तरी ती हौस पुरती ओसरलेली नाही. त्यामुळे या शहरात कोणी ‘मला पिस्तूल घ्यायचे आहे’ असे म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खेळ येत नाही. मेधाताईंच्या प्रकरणातला निम्मा गोंधळ यातूनच निर्माण झाला.

२०२३ च्या सुरुवातीला त्यांचे वडील वारले. त्याच उन्हाळ्यात मुलाला सुट्टीत काहीतरी शिकवावे म्हणून त्या त्याला घेऊन नेमबाजीच्या एका खाजगी दहा मीटर रेंजवर गेल्या. मुलगा आठवड्याभरात कंटाळला. आई मात्र येत राहिली. त्या रेंजच्या कामात माझा सहभाग असल्याने पुढच्या सगळ्या घडामोडी मला जवळून पाहता आल्या, आणि त्यांच्या संमतीनेच त्या येथे मांडत आहे.

समस्या कशी उभी राहिली

तीन महिन्यांच्या सरावानंतर मेधाताईंना स्वतःचे पिस्तूल हवेसे वाटू लागले. रेंजवरचे पिस्तूल दिवसभरात अनेकांच्या हातांतून जाते, प्रत्येक जण मागची साइट (नेम धरण्याची खाच) आपल्या डोळ्याप्रमाणे फिरवून जातो, आणि पुढच्या माणसाचे पहिले दहा छर्रे ती जागेवर आणण्यातच खर्च होतात. ही तक्रार रास्त होती.

नेमके त्याच सुमारास माहेरी रिव्हॉल्व्हरचा प्रश्न आला. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र घरात ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ नुसार ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. ते विक्रेत्याकडे जमा झालेलेच होते. आता वारसांपैकी कोणी स्वतःच्या नावावर परवाना मागायचा की शस्त्र विकायचे, हे ठरवणे भाग होते. थोरले भाऊ पुण्यात असतात. त्यांना रस नव्हता. मामांचे म्हणणे असे पडले, की ‘तू नेमबाजी शिकतेच आहेस, तर बाबांचे शस्त्र तुझ्याच नावावर करून घे, वेगळे पिस्तूल घ्यायची गरजच काय?’ आईंनाही ते पटले. दोन प्रश्न एकमेकांत गुंतले ते या एका वाक्याने, आणि पुढचे दोन महिने ते सुटे झाले नाहीत.

मेधाताईंची स्वतःची मनःस्थितीही स्पष्ट नव्हती. पॅरिसच्या ऑलिंपिकला वर्षभर अवकाश होता, मनू भाकरच्या पदकांनी जी गर्दी रेंजवर लोटली ती अजून लोटायची होती; त्यांच्यासमोर स्पर्धेचे असे कोणते चित्र नव्हते. खेळ आवडतो, हात स्थिर होत चाललेला जाणवतो, एवढेच त्या सांगू शकत होत्या. पहिले हत्यार निवडताना बहुतेक नवशिक्यांची हीच अवस्था असते, आणि अशा वेळी ‘कशासाठी’ हा प्रश्न बाजूला पडून ‘कोणते’ यावरच चर्चा रंगते.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय वारशाचा. शस्त्र नियम, २०१६ च्या नियम २५ मध्ये परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. धारकाने वयाची सत्तरी गाठली असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले असेल, तर हयातीतही ते वारसाच्या नावे करता येते. इतर वारसांची हरकत नसल्याचे पत्र, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, पोलीस चौकशी आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा निर्णय, असा त्याचा मार्ग आहे. मार्ग लांब असला तरी बंद नव्हता. प्रश्न असा होता, की हाती आल्यावर त्या रिव्हॉल्व्हरचे करायचे काय.

प्रशिक्षकांनी हा मुद्दा भावनेला धक्का न लावता, आकड्यांनी समजावला, आणि समोर गणिताच्या शिक्षिका असल्याने तो लवकर पटला. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. स्पर्धेच्या एअर पिस्तुलात पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरले, तर पुढची साइट खाचेत अर्धा मिलिमीटर सरकल्यास दहा मीटरवर छर्रा सुमारे १५ मिलिमीटर बाजूला जातो. तीन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी असल्याने तीच चूक दुपटीहून अधिक वाढून दिसते, आणि त्यात घोडा न चढवता चाप ओढायचा म्हटले तर बोटावर येणारा भार एअर पिस्तुलाच्या कित्येक पट असतो. खिशात मावणारे, जवळच्या अंतरावर स्वसंरक्षणासाठी घडवलेले ते साधन आहे. त्या कामात ते चोख असेलही. नवशिक्याला मात्र त्याच्यावर आपली चूक वाचता येत नाही, कारण धक्का, आवाज, जड चाप आणि आखूड साइट या चारही गोष्टी एकदम घडतात आणि गोळी कशामुळे गेली ते कळत नाही.

शिवाय स्पर्धेचा विचार केला तर दारच बंद होते. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांत .३२ बोअर बसते ते २५ मीटर सेंटर फायर प्रकारात, आणि तो प्रकार पुरुषांचा आहे. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल स्पर्धेत .२२ चेच पिस्तूल चालते. म्हणजे परवाना मिळाला, काडतुसे मिळाली, तरी मेधाताईंना ते शस्त्र घेऊन उभे राहता येईल अशी एकही अधिकृत स्पर्धा नव्हती. ही माहिती मामांना सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘मग घरात ठेव, कामाला येईल.’ नऊ वर्षांच्या मुलाच्या घरात ‘कामाला येईल’ म्हणून ठेवलेले भरलेले किंवा रिकामे रिव्हॉल्व्हर हा वेगळाच विषय होता.

याच टप्प्यावर एका नातेवाइकांनी सुचवले, की निर्णय घेण्याआधी विक्रेत्याकडून शस्त्र ‘चार दिवसांसाठी’ आणून शेतावर पाचसहा गोळ्या झाडून पाहाव्यात. सूचना सहज केलेली होती आणि या भागात ती कोणाला विचित्रही वाटली नसती. परवाना नसलेल्या व्यक्तीने ते रिव्हॉल्व्हर ताब्यात घेणे हाच गुन्हा ठरला असता आणि विक्रेत्याचाही परवाना धोक्यात आला असता. मेधाताईंनी नकार दिला. संपूर्ण प्रकरणात सर्वांत कमी चर्चा झालेला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता.

.२२ चे स्पोर्ट पिस्तूल हा पर्याय लवकर निकालात निघाला. त्यालाही परवाना लागतो, काडतुसांचा खर्च आणि उपलब्धता यांचा प्रश्न असतो, आणि त्या जिथे सराव करत होत्या तिथे २५ मीटरची सोयच नव्हती.

बाजारात मिळणारे साधे स्प्रिंगचे एअर पिस्तूल, ज्याची नळी मोडून छर्रा भरतात, ते एका सहकाऱ्याने हौसेने आणून दाखवले. किंमत काही हजारांत, म्हणून आकर्षण मोठे. पण स्प्रिंग सुटताना पिस्तूल पुढेमागे उसळते, चाप खरखरत आणि लांब ओढावा लागतो, आणि छर्रा नळी सोडेपर्यंत हात हललेला असतो. डबे पाडायला ते ठीक आहे. त्यावर पाडलेल्या सवयी मात्र पुढे महिनोन्‌महिने मोडाव्या लागतात.

उरले स्पर्धेचे, दाबलेल्या हवेवर चालणारे एअर पिस्तूल. त्याच्या परवान्याबाबत रेंजवर रोज कोणीतरी विचारतेच, म्हणून इथे नोंदवतो. सध्याच्या नियमांनुसार ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ बोअरच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा साधारण साडेपाच जूल भरते. परवाना लागत नाही म्हणून ते खेळणे होत नाही. एवढ्या ऊर्जेने डोळा जाऊ शकतो, आणि म्हणूनच रेंजवर नळीत नारिंगी सुरक्षा दोरी घातल्याशिवाय पिस्तूल टेबलावर ठेवू दिले जात नाही.

यात नवे घ्यायचे की वापरलेले, हा प्रश्न होता. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, पार्दिनी अशी कंपन्यांची नावे रेंजवर रोज ऐकू येतात आणि नवशिक्याला वाटते की दहा लागतो तो नावामुळे. नव्या पिस्तुलाचा सांगितलेला भाव दोन लाखांच्या घरात होता. मेधाताईंच्या पतींनी ‘घ्यायचे तर एकदाच चांगले घे’ असे म्हणून कर्जाची तयारीही दाखवली. दुसऱ्या बाजूला, नोकरीनिमित्त शहर सोडून चाललेल्या एका नेमबाजाचे वापरलेले, यांत्रिक ट्रिगरचे पिस्तूल त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळत होते.

निर्णयाचे टप्पे आणि केलेली कृती

प्रशिक्षकांनी सर्वांत आधी खरेदी पुढे ढकलली. तोपर्यंत मेधाताई रेंजवरच्या जुन्या बायकाल आयझेडएच ४६ एम या पिस्तुलावर सराव करत होत्या. त्यात नळीखालची लांब दांडी एकदाच उघडून मिटली की एका नेमापुरती हवा भरते. सिलिंडर नाही, भरण्याची भानगड नाही, अचूकता उत्तम. पण साठ नेमांच्या सरावात साठ वेळा ती दांडी ओढताना त्यांचा उजवा खांदा भरून येत असे. तरीही ठरले असे, की आणखी काही महिने यावरच काढायचे, फक्त आता वहीत नोंद ठेवायची: साइटला किती क्लिक दिले, कोणत्या मालिकेत हात थकला, नेम कोणत्या बाजूला गेले.

वहीतून एक विलक्षण गोष्ट बाहेर आली. छर्रे सातत्याने डावीकडे जात होते आणि साइट कितीही फिरवली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन्ही हात समोर धरून अंगठ्यांमधल्या छोट्या खिडकीतून भिंतीवरचे घड्याळ बघायला लावले, आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायला सांगितला. उजवा डोळा उघडा असताना घड्याळ खिडकीबाहेर जात होते. मेधाताई उजव्या हाताच्या, पण त्यांचा प्रबळ डोळा डावा निघाला. ही अडचण खरेदीनंतर कळली असती तर दोष पिस्तुलावर गेला असता. आता पर्याय दोन होते: डाव्या हाताने सुरुवातीपासून शिकायचे, किंवा उजव्या हाताने धरून डाव्या डोळ्यासमोर नियमात बसणारी, म्हणजे ३० मिलिमीटरहून रुंद नसलेली पट्टी लावायची. त्यांनी दुसरा मार्ग घेतला. छत्तीसाव्या वर्षी लिहिता हात बदलणे त्यांना शक्य वाटले नाही, आणि पट्टीने दोनच आठवड्यांत डावीकडची चूक निम्म्यावर आली. उजव्या हाताच्या मुठीचे पिस्तूल घ्यायचे हे या चाचणीनंतरच निश्चित झाले.

मग वापरलेल्या पिस्तुलाची तपासणी. ती एका रविवारी सकाळी रेंजवर, पिस्तूल विकणाऱ्या त्या नेमबाजाच्या उपस्थितीत झाली आणि तिला जवळजवळ दोन तास लागले. प्रशिक्षकांनी पिस्तूल हातात घेतल्यावर नळीकडे किंवा ट्रिगरकडे न पाहता आधी सिलिंडर उलटा करून त्यावर कोरलेली तारीख वाचली. निर्मात्यांनी या सिलिंडरांना उत्पादनापासून साधारण दहा वर्षांची मुदत दिलेली असते. आत २०० बारपर्यंत दाब असतो, आणि आयएसएसएफच्या स्पर्धेत सिलिंडर मुदतीत आहे याची जबाबदारी खेळाडूवर असते. इथे मुदत संपायला चारच महिने उरले होते. विक्रेत्याला हे ठाऊक नव्हते, किंवा त्याने तसे दाखवले. नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा झाली.

त्यानंतर ट्रिगर. एअर पिस्तुलात ट्रिगरचा भार किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. पिस्तूल नळी वर करून उभे धरायचे, ट्रिगरला ५०० ग्रॅमचे वजन अडकवायचे आणि टेबलावरून अलगद उचलायचे. वजन लटकत राहिले पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. पहिल्याच प्रयत्नात वजन टेबलावरून अर्धा इंच वर आले आणि खट्‌ असा आवाज झाला. आधीच्या मालकाने ट्रिगर नियमाखाली हलका करून ठेवला होता. चावीने बारीक स्क्रू थोडा थोडा फिरवत, दर वेळी वजन उचलून पाहत, चौथ्या की पाचव्या खेपेला ते टिकले. मेधाताईंनी तो स्क्रू स्वतः फिरवला, कारण पुढे त्यांनाच ते करायचे होते. दोन टप्प्यांचा ट्रिगर, पहिला टप्पा संपून दुसरा कुठे लागतो ते बोटाला कळणे, आणि हवा न वापरता कोरडा नेम मारण्याची सोय हे सगळे तपासले गेले. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर नाही याची खंत त्यांच्या पतींना होती. घरी भिंतीसमोर कोरडा सराव करायला यांत्रिक ट्रिगरही तितकाच उपयोगी, आणि त्याला बॅटरी लागत नाही, एवढे सांगून तो मुद्दा मिटला.

शेवटी बंदिस्त पकडीत ठेवून पाच छर्रे मारले. पाचही एकाच भोकात गेले. म्हणजे नळी निर्दोष होती.

जे तपासले गेले नाही ते म्हणजे मूठ. मूठ मध्यम मापाची होती, मेधाताईंचा हात लहान. त्यांनी पिस्तूल धरून पाहिले, ‘बरे वाटते’ म्हणाल्या, आणि दोन तासांच्या तपासणीनंतर कोणालाही आणखी शंका काढण्याची इच्छा राहिली नव्हती. व्यवहार झाला, विक्रेत्याने ओळखपत्राची प्रत घेतली, लेखी पावती दिली.

रिव्हॉल्व्हरचा निर्णय याच काळात, पण वेगळ्या बैठकीत झाला, आणि ते वेगळे ठेवणे हितावह ठरले. पुण्याहून आलेल्या भावाने आईंना समजावले, की परवाना आता पाच वर्षांचा असतो, नूतनीकरण, आचारसंहितेत जमा करणे, सुरक्षित कपाट हे सगळे मेधाला निभवावे लागेल, आणि ते शस्त्र कधी वापरलेच जाणार नाही. आई काही दिवसांनी तयार झाल्या. परवानाधारक विक्रेत्यामार्फत, रीतसर परवानगीने ते विकले गेले. त्याच नोव्हेंबरात मध्य प्रदेश विधानसभेची निवडणूक झाली; परवाना मेधाताईंच्या नावावर आला असता, तर नेमक्या सरावाच्या हंगामात शस्त्र ठाण्यात पडून राहिले असते.

निष्पत्ती

स्वतःचे पिस्तूल आल्यावर गुण वाढतील ही अपेक्षा पहिल्या दीड महिन्यात खोटी ठरली. साठ नेमांत, सहाशेपैकी, जुन्या पिस्तुलावर त्या ५०९ पर्यंत पोचल्या होत्या. स्वतःच्या पिस्तुलावर ४९७ वर आल्या. कारण मुठीत होते. तळहात आणि लाकूड यांच्यात अंगठ्याच्या मुळाशी पोकळी राहत होती, ती भरून काढायला त्या नकळत मूठ आवळत होत्या, आणि ट्रिगरचे बोट पूर्ण पेरानिशी न टेकता टोकाने टेकत होते. नेम उजवीकडे खाली सांडायला लागले. जवळजवळ एक किलो वजनाचे पिस्तूल अशा पकडीने धरल्यावर मनगटही दुखू लागले.

उपाय सोपा पण वेळखाऊ होता. पोकळीच्या जागी लाकूड भरण्याची लुकण लावायची, ओली असताना हात दाबून ठसा घ्यायचा, वाळल्यावर कानशीने आणि काचकागदाने घासायचे, चार दिवस सराव करायचा आणि पुन्हा घासायचे. एकदा लुकण इतकी जाड झाली, की पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या तपासणीच्या पेटीत बसेना. कडेला घासत होते. पुन्हा काचकागद. नळीखालचे जादा वजन काढून टाकले, ट्रिगरची पट्टी मागे सरकवली. सहा आठवड्यांनी हात बसला.

त्यानंतरची प्रगती हळू पण सरळ होती. २०२४ च्या अखेरीस त्या ५३० ते ५४० च्या दरम्यान नेम मारत होत्या. त्यांनी जिल्हा पातळीवरची एक स्पर्धा खेळली आणि राज्याच्या स्पर्धेला नाव दिले. त्याच्या पुढची पायरी असलेल्या पूर्व-राष्ट्रीय स्पर्धेला ग. वा. मावळणकरांचे नाव आहे. लोकसभेचे पहिले सभापती असलेले मावळणकर १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते आणि त्यांचा जन्म बडोद्याचा. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना हे ठाऊक असायला हरकत नाही. त्या पायरीपर्यंत मेधाताई पोचतील की नाही हे आज सांगता येणार नाही.

घरात पिस्तूल कुलूपबंद पेटीत राहते, सिलिंडर वेगळा, छर्रे तिसऱ्या जागी. छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात जायचे नाही हा नियम त्यांच्या सासूबाईंनीच घालून दिला. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा उन्हात उभ्या गाडीत भरलेला सिलिंडर ठेवायचा नाही, हे मात्र त्यांना एकदा रेंजवरच्या चौकीदाराने हटकून सांगावे लागले.

वेगळे काय करता आले असते

वारसा आणि खेळ हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी सुटे केले असते, तर दोन महिने वाचले असते. वारशाच्या शस्त्राला कायद्याचे वेळापत्रक असते, पहिल्या खेळाच्या पिस्तुलाला नसते. एकाच्या घाईत दुसऱ्याचा निर्णय झाला असता तर तो चुकला असता. कुटुंबाने यासाठी कोणा जाणत्या विक्रेत्याला किंवा वकिलाला सुरुवातीलाच अर्धा तास विचारले असते, तर मामांच्या वाक्याला उत्तर तेव्हाच मिळाले असते.

प्रबळ डोळ्याची चाचणी तीन महिन्यांहून अधिक सराव झाल्यावर झाली. ती पहिल्या दिवशी, नोंदणीचा अर्ज भरतानाच करता येते. तिला एक मिनिट लागते. इतक्या उशिरा झाल्याने तोपर्यंतचा बराच सराव डावीकडे जाणाऱ्या छर्ऱ्यांशी भांडण्यात गेला.

मुठीची चूक अधिक विचार करायला लावणारी आहे, कारण ती निष्काळजीपणातून घडली नाही. तपासणी कसून झाली, पण ती सगळी पिस्तुलाची झाली, हाताची नाही. सिलिंडर, ट्रिगर, नळी यांना आकडे असतात, ते तपासता येतात आणि तपासल्याचे समाधान मिळते. हात नीट बसला का याला आकडा नाही. डोळे मिटून पिस्तूल धरायचे, हात उचलायचा, मग डोळे उघडून पुढची साइट मागच्या खाचेच्या मध्यावर आपोआप आली आहे का ते पाहायचे, आणि हे पाचसात वेळा करायचे, एवढी साधी चाचणी त्या रविवारी झाली नाही. झाली असती तर लहान मापाच्या मुठीची किंमतही सिलिंडरबरोबर सौद्यातून वजा करता आली असती.

नव्याऐवजी वापरलेले घेण्याचा निर्णय मात्र मला आजही योग्य वाटतो, आणि त्याचे कारण केवळ पैसे नाही. दोन लाखांच्या नव्या पिस्तुलाच्या मुठीवर कानस चालवायला मेधाताईंचा हात धजला नसता. त्या वापरलेल्या लाकडावर त्यांनी निःसंकोच लुकण थापली, बिघडवली, पुन्हा केली, आणि आपल्या हाताला काय हवे ते त्यातून शिकल्या. पुढचे पिस्तूल घेताना त्या मूठ लहान मापाची, उजवी, आणि तळव्याला आधार देणारी फळी खाली सरकवता येणारी मागतील, हे त्यांना आज ठाऊक आहे. दुसऱ्या कोणी डावा डोळा प्रबळ असलेल्या नवशिक्याने हेच करावे असे यातून निघत नाही. वीस वर्षांच्या मुलाला मी कदाचित डाव्या हाताने सुरुवात करायला सांगेन.

रेंजच्या बाजूने दोन बदल झाले. नवीन येणाऱ्याची डोळ्याची चाचणी आणि तळहाताचे माप आता नोंदवहीत पहिल्याच दिवशी लिहिले जाते. आणि जुन्या पिस्तुलांसाठी लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन मापांच्या मुठी आणून ठेवल्या आहेत, जेणेकरून खरेदीआधी प्रत्येकाने किमान महिनाभर आपल्या मापाच्या मुठीवर सराव करावा. डावखुऱ्यांसाठी मूठ अजून मिळालेली नाही.